युद्धाचा निर्णय कोणाचा? वादविवाद स्पर्धेसाठी मुलांना काय वाचायला द्यावं?

सातारकरीण: अकरावीच्या मुलांना स्पर्धेत विषय आलाय, ‘देशाला युद्धात नेण्याचा अधिकार सरकारचा नव्हे, कायदेमंडळाचाच हवा’. आमची जोडी ठरावाच्या बाजूने बोलणार, उदाहरण अमेरिकेचं. नेटवरून उतरवून आणलेलं सगळं ‘जनतेचा आवाज’ छापाचं आहे. हातात पंधरा दिवस. अस्सल काय द्यावं?

माळरान: मतांचे लेख बाजूला ठेवा, मूळ नोंदी द्या. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेतली १७ ऑगस्ट १७८७ ची चर्चा अगदी छोटी आहे. मसुद्यात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाला, युद्ध ‘करण्याचा’ अधिकार होता. मॅडिसन आणि गेरी या सदस्यांनी त्या जागी ‘जाहीर करण्याचा’ असा शब्द सुचवला. अचानक हल्ला झाला तर तो परतवायला अध्यक्ष मोकळा राहावा म्हणून. पुढची कितीतरी भांडणं या एका शब्दावरून झाली आहेत. तो बदल मुलांना स्वतः वाचू द्या.

मग थेट ऑगस्ट १९६४. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याचं सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी लष्करी कारवाईची मुभा मागणारा ठराव आणला. ४ तारखेचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. तरी ७ तारखेला कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात फक्त मोर्स आणि ग्रुएनिंग. त्या ठरावाच्या आधारावर व्हिएतनामचं युद्ध वाढत गेलं. हे उदाहरण तुमच्या बाजूला अडचणीचं आहे, म्हणूनच आवर्जून द्या. काँग्रेसला विचारलं होतं हो, पण माहिती सगळी सरकारच्या मुठीत होती. नुसता मताचा अधिकार असून भागत नाही, हे मुलांना आधीच कळलेलं बरं.

पेठेतला: समोरचे अमेरिकेचा १९७३ चा युद्धाधिकार कायदा काढतील, तयार राहा. अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून तो झाला. सैन्य पाठवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं, मंजुरी नसेल तर ६० दिवसांत कारवाई थांबवायची, सुखरूप माघारीसाठी फार तर आणखी ३०. आणि २०११ मध्ये लिबियातल्या लष्करी कारवाईला ६० दिवस उलटले तेव्हा ओबामा सरकार म्हणालं, कायद्याला अभिप्रेत असलेली ही लढाईच नाही. ड्रोनहल्ले चालू होते! म्हणजे कायद्याला दात नाहीत, असं ते म्हणणार.

त्यावर ब्रिटन सांगा. २०१३ मध्ये कायद्याचं बंधन नसताना पंतप्रधान कॅमेरन यांनी सीरियाबाबत मतदान घेतलं, २७२ विरुद्ध २८५ असे हरले, आणि हल्ला केला नाही. २०१८ मध्ये मात्र पंतप्रधान थेरेसा मे यांनी आधी न विचारताच केला. दोन्ही सांगा, एकच सांगितलं तर पकडले जाल.

सातारकरीण: परीक्षक भारताचं विचारणारच. आपल्याकडे?

माळरान: युद्ध जाहीर करण्याची पद्धत सांगणारं वेगळं कलम आपल्या घटनेत नाही. ‘युद्ध आणि शांतता’ ही केंद्रसूचीतली १५ वी नोंद. कलम ५३(२) प्रमाणे सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाकडे. पैसा मात्र संसदेने मंजूर करायचा.

१९६२ जरूर वाचायला द्या. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि ८ नोव्हेंबरला, लढाई संपलेली नसताना, संसद बसली. १४ तारखेच्या ठरावापर्यंत सभासद तयारीबद्दल जाब विचारत होते. लोकसभेच्या नोंदी नेटवर मिळतात. आधी तुम्ही चाळा आणि दहाच पानं निवडून द्या, सगळी दिलीत तर मुलं उघडणार नाहीत.

सातारकरीण: उद्या १७८७ पासूनच सुरू करते. दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते, अर्थ मुलांनाच सांगू दे.