मांजरीची चिप स्कॅनरवर येत नाही, नागपुरात मदत हवी आहे

मांजर इंग्लंडला न्यायची आहे. तिथे १० जून २०२४ पासून पाळीव मांजर २० आठवड्यांची होण्याआधी चिप (कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांक असलेली मायक्रोचिप) टोचणं बंधनकारक आहे. भारतातून नेताना आधी चिप, मग रेबीजची लस, ३० दिवसांनी टायटरसाठी (लसीचा पुरेसा परिणाम झाला का ते पाहणारी तपासणी) रक्त आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. चिप १५ अंकी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची, खांद्यांच्या मध्ये टोचलेली. लस त्यानंतरच दिली. आता रक्त द्यायची वेळ आली आणि नंबर वाचताच येत नाही.

पट्टा काढला, स्टीलच्या टेबलावरून खाली घेतलं (धातूमुळे वाचन अडतं), चिप सरकली असेल म्हणून मान, खांदे, छाती, कोपरांपर्यंत स्कॅनर अंगाला लावून हळूहळू फिरवला. तो स्कॅनर १२५ किलोहर्ट्झचाच असावा अशी दाट शंका आहे. तसा असेल तर १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी आयएसओ चिप त्याला दिसणारच नाही. नवी चिप टोचली तर लस आणि नंतरचे ३० दिवस पुन्हा, म्हणून जुनीच शोधायची आहे. एक्स-रे चालेल, पण भूल न देता.

सेमिनरी हिल्स, धरमपेठ किंवा धंतोली भागात १३४.२ किलोहर्ट्झची आयएसओ चिप वाचणारा स्कॅनर नक्की कोणाकडे आहे?