पळून झाल्यावर कॉम्प्रेशन सॉक्स घालून खरंच फरक पडतो का? मदत हवी आहे

मंडळी, वय ४६, सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालूय. रविवारी यवतेश्वर घाट चढून आलो की पोटऱ्या दगड होतात आणि घरी येऊन पंधरा मिनिटं झाली तरी घड्याळात पल्स ११०च्या खाली येत नाही, आधी असं व्हायचं नाही राव. ग्रुपमधला एक जण म्हणतो गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन सॉक्स घाल, घोट्याशी जास्त घट्ट आणि वर सैल असतात म्हणून पायातलं रक्त हृदयाकडे लवकर परत जातं. लॉजिक पटतं, पण त्याने पोटरीचं दुखणं कमी होईल की पल्सही लवकर उतरेल? मला तर वाटतं पाणी आणि झोपच कमी पडतेय, बायकोचंही तेच म्हणणं, असो.

दुकानात १५-२० आणि २०-३० एमएमएचजी (सॉक्सच्या दाबाचं माप) असे दोन प्रकार दाखवले, कुठला घ्यावा? पळताना घालायचे का नंतर, आणि किती तास? शिवाय वडिलांना शुगर आहे, पायाला मुंग्या येतात, ते म्हणतायत मलाही आण एक जोडी, त्यांना डॉक्टरला न विचारता द्यायचे नाहीत हे माहितीय, पण आधी कुठली टेस्ट करतात का? वापरलेल्यांनीच सांगा प्लीज.