विणकामाचे पहिले टाके : तुमचा अनुभव सांगा

बहिणीला सातवा महिना लागलाय. बाळंतविडा विकत आणायचा नाही, मीच विणायचा, असं ठरवून बसलेय आणि मला धड सुलट टाकासुद्धा येत नाही. दोनदा टाके घातले, दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीला उसवले. ज्यांनी मोठेपणी सुया हातात घेतल्या त्यांनी सुरुवात कशी केली, कुठे अडलं, ते अगदी बारीकसारीक सांगा ना.

— डोंबिवली

मी पस्तिशीत शिकले, शेजारच्या काकूंकडे. नवऱ्याला मफलर करायचा म्हणून काळी लोकर आणली होती. संध्याकाळी दिव्याखाली एक टाका कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, दिसेचना. काकूंनी ती कपाटात ठेवायला लावली. फिकट पिवळी, जरा जाड लोकर आणि 8 नंबरच्या सुया दिल्या. 30 टाके, प्रत्येक ओळ सुलट. उलट टाक्याचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणाल्या.

आठवड्यानं मोजले तर 37 टाके! पट्टी खाली अरुंद, वर रुंद. काकू शेजारी बसल्या आणि मला एक ओळ विणायला लावली, तेव्हा कळलं. सुई उलटवली की मी धागा सुईवरून मागे ओढत होते. तसं केलं की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात आणि एकाचे दोन दिसतात. धागा सुईखालून मागे न्यायचा, एवढंच होतं. तेव्हापासून दर ओळीनंतर टाके मोजते. आज 11 वर्षं झाली, सवय मोडलेली नाही आणि मोडायचीही नाही.

— नाशिक

आईनं फोनवर 8 नंबरच्या सुया सांगितल्या, मी इथल्या दुकानातून 8 नंबर आणल्या. वीण माशाच्या जाळ्यासारखी सैल. अमेरिकेत 8 म्हणजे 5 मिलिमीटर आणि आईच्या 8 नंबरच्या सुया 4 मिलिमीटरच्या. शिवाय आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, इथे जाड. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

— न्यू जर्सी

मी डावखुरा. आई उजव्या हातानं विणायची, पण संधिवातानं तिची बोटं वळेनाशी झाली. अर्धा राहिलेला स्वेटर तिच्या डोळ्यांसमोर पूर्ण व्हावा, असं मला मनापासून वाटत होतं. शेजारी बसून काही जमेना. मग समोर बसलो, आरशात बघावं तसं. ती दुखऱ्या बोटांनी एकेक टाका सावकाश दाखवायची आणि तो मला डाव्या हातानं जसाच्या तसा घेता यायचा. स्वेटर मात्र मी तिच्याच पद्धतीनं, उजव्या हातानं पुरा केला, कारण मध्येच दिशा बदलली असती तर वीण बदलली असती. तीन महिने लागले. तो स्वेटर तिनं दोन थंड्या घातला.

— कोल्हापूर

बाळासाठी आहे म्हणून लिहिते. जाळीची वीण नको, बोटं अडकतात. लोकर अंगाला टोचणारी नको. गालाला लावून बघा. लागेल तेवढी एकदमच घ्या आणि सगळ्या गुंड्यांच्या कागदावरचा लॉट नंबर जुळवा. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग किंचित वेगळा निघाला आणि माझ्या झबल्याच्या बाह्या वेगळ्याच दिसल्या.

आणि आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणून टाके मोजा. माझ्या लोकरीत 10 सेंमीला 22 टाके बसले. नवजात बाळाचं डोकं साधारण 35 सेंमी, म्हणून टोपड्याला 76 टाके घातले. 76 घेतले कारण काठाला दोन सुलट, दोन उलट घालायचे होते, त्याला 4 नं भाग जायला हवा. सुलटावरून उलटावर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे घ्या, नाहीतर तिथेही टाके वाढतील.

— पुणे

काल फिकट लोकर आणली. 30 टाके, 14 ओळी. धागा सुईखालून. आत्ता मोजले, 30 च आहेत. बहिणीला फोटो पाठवलाय. 10 सेंमीत माझे 20 बसताहेत, म्हणजे टोपड्याला 68 घालू ना?

— डोंबिवली