मदत हवी आहे: युवराज्ञी म्हणू की युवराजकन्या की अजून काही?

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी युरोपातल्या राजघराण्यांवर लेख लिहितेय आणि एका शब्दावर दोन दिवस अडकलेय. स्वीडनची व्हिक्टोरिया स्वतः गादीची वारस आहे म्हणून क्राउन प्रिन्सेस, आणि डेन्मार्कची मेरी जानेवारी २०२४ मध्ये राणी झाली त्याआधी तीही क्राउन प्रिन्सेसच, पण ती फक्त युवराजाची बायको म्हणून! आता मराठीत दोघींना युवराज्ञी लिहिलं तर वाचणाऱ्याला फरक कळणार कसा? आपल्याकडे युवराज्ञी म्हटलं की युवराजाची बायकोच डोळ्यासमोर येते ना.

व्हिक्टोरियाची गोष्ट तर भारीच आहे, १९७९ मध्ये तिचा धाकटा भाऊ जन्मला तो थेट युवराज म्हणूनच, आणि १ जानेवारी १९८० ला कायदा बदलून थोरलं मूल वारस असं ठरलं तशी त्या सात महिन्यांच्या पोराची पदवी गेली ताईकडे. बिचारा तेव्हा रांगत असेल.

दुसरा घोळ स्पेनचा. राजाची थोरली मुलगी लेओनोर ही आस्तुरियासची प्रिन्सेस (तिथे गादीच्या वारसाची ही पदवी), पण धाकटी सोफिया राजाची मुलगी असूनही प्रिन्सेस नाही, तिला इन्फांता म्हणतात. तिला राजकन्या लिहू का इन्फांताच ठेवू? आणि तिथे अजून मुलग्याला प्राधान्य आहे, म्हणजे उद्या भाऊ झाला तर लेओनोरचा हक्क जाणार, अशा वारसाला मराठीत एका शब्दात काय म्हणायचं?

संपादक म्हणतात सरसकट राजकुमारी लिहा. मला नाही पटत. कोणी अनुवाद करणारे असाल तर सांगा प्लीज, रविवारी लेख द्यायचाय.