गाडीचा नंबर कधी लागणार? सांगा आपापले अनुभव

मेतकूट
काल बाबांचं कपाट आवरायला काढलं. विम्याच्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात एक पिवळी पडलेली पावती सापडली. चेतक स्कूटरच्या बुकिंगची, साल १९७६. रक्कम लिहिली होती तिथेच घडी पडून शाई उडालीय, पण क्रमांक लख्ख दिसतो. पाच आकडी!

माझा जन्म १९७७ चा. स्कूटर दारात आली तेव्हा मी दुसरीत होतो. आई अजून म्हणते, दोन्ही नोंदण्या एकाच वर्षी केल्या, पोरगं आधी आलं.

गंमत म्हणजे इतकी वर्षं वाट बघूनही बाबा स्कूटर शिकलेच नव्हते. "गाडी आली की शिकू" असं चाललेलं. शोरूममधून शेजारच्या जोशीकाकांनी चालवत आणली आणि बाबा मागे, मांडीवर हाराची पुडी धरून. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी सहाला ग्राउंडवर जोशीकाका मागून धावायचे.

आज हे आठवायचं कारण भाचा. सात महिन्यांपूर्वी गाडी बुक केलीय आणि जेवताना, झोपताना, देवासमोरसुद्धा ॲप उघडून बसतो. शोरूमवाले दर महिन्याला सांगतात, "सर, या महिन्यात अलॉटमेंट नक्की." तुमच्याकडेही असले किस्से असतीलच. येऊ द्या.

सुलभा_६२
आमच्याकडे स्कूटर नव्हती पण टेलिफोनची हीच कथा. नऊ वर्षांनी आला. आल्यावर कळलं की करायचा कुणाला, ओळखीत कुणाकडेच नाही! मग सासरे रोज वेळ सांगणाऱ्या सेवेला फोन लावून भिंतीवरचं घड्याळ जुळवायचे. घड्याळ बरोबर असलं तरी. शिट्टी झाली तिसरी, आले.

रत्नांग्रीकर
आमच्या मामाने मस्कतहून पैसे पाठवले होते. परकीय चलनात भरलं की नंबर झटकन लागायचा तेव्हा. इथे लोक आठ-दहा वर्षं थांबलेत आणि आमची दोन महिन्यांत हजर. वाडीत सगळ्यांना वाटलं मामा सोन्याच्या धंद्यात आहे.

पण खरी गोची पुढे. घर खाली, डांबरी रस्ता वर, मध्ये पाखाडी. स्कूटर खाली उतरवणार कशी? मग ती कायम वर दुकानाच्या पडवीत, गोणपाट पांघरून. बाबा रोज पायऱ्या चढून जायचे, पुसायचे, एक किक मारून आवाज ऐकायचे आणि खाली यायचे. चालवायचे फक्त बाजाराच्या दिवशी. पेट्रोल परवडत नाही म्हणायचे. मला वाटतं गाडी झिजेल ही भीती होती.

टर्बोतात्या
@रत्नांग्रीकर पडवीतली स्कूटर वाचून हसलो. शेवटी कुणी नेली ती?

रत्नांग्रीकर
@टर्बोतात्या उंदरांनी. सीट आणि वायरी आधी, उरलेलं भंगारवाल्याने.

खवटकाका
तुम्हा पोरांना वाटतं कंपनीच आळशी होती. तसं नव्हतं. परवाना राज होतं. वर्षाला किती नग बनवायचे ते सरकार ठरवून देणार, त्यापेक्षा जास्त बनवले तर जाब विचारणार. मागणी ढीगभर आणि माल मोजका. त्यामुळे 'ऑन' फोफावला. नवी स्कूटर शोरूमच्या दारातून बाहेर पडली की आतल्यापेक्षा महाग. जुनी झाल्यावर किंमत वाढणारी ती एकमेव वस्तू, लोणचं सोडलं तर.

आमच्या तीर्थरूपांनी तीन नोंदण्या केल्या होत्या. एक स्वतःची, एक आईची, एक आजीची. आजी अठ्ठ्याहत्तर. जन्मात सायकलच्या कॅरिअरवर बसली नव्हती. तिचाच नंबर आधी लागला. ऑनमध्ये विकली आणि त्या पैशात आत्याचं लग्न झालं.

मेतकूट
@खवटकाका म्हणजे आमच्या बाबांच्या पुढे रांगेत तुमच्या आजी उभ्या होत्या तर!! हिशेब करायचा का?

खवटकाका
@मेतकूट आत्याकडे माग.

टर्बोतात्या
मारुतीचं कुणीच कसं लिहिलं नाही? १९८३ ला बुकिंग उघडलं, दहा हजार भरायचे. तेव्हा दहा हजार म्हणजे कित्येकांचा वर्षाचा पगार. तरी सव्वा लाखाच्या वर लोकांनी भरले, गाडी डोळ्यांनी बघितलेली नसताना! त्याच वर्षी १४ डिसेंबरला पहिली चावी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांना दिली. आमच्या वडिलांनी वर्तमानपत्रातला तो फोटो कापून देवघराच्या फळीखाली चिकटवला होता. आई म्हणायची, रोज नमस्कार नेमका कुणाला घालताय?

आमची यायला पुढे अडीच वर्षं गेली. रंग विचारलाच नाही कुणी. पांढरी आली, पांढरी घेतली. आईला लाल हवी होती, तिने सीटकव्हरं लाल शिवून घेतली. रुखवतात शोभली असती अशी गाडी दिसायची.

चकलीवाली
धागा मस्त! विषय सोडून विचारते, नवीन गाडीची पूजा सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी केली तर पार्किंगला जागा मिळते का? पाडव्याला आमची येतेय (येणार असं म्हणतायत).

सुलभा_६२
@चकलीवाली पाडव्याला अजिबात जाऊ नकोस. दहा गाड्या एकमेकींच्या लिंबांवरून जातात. घरीच कर.

गिअर_न्यूट्रल
लांबलचक लिहितोय, लोकलमध्ये आहे, चुका पोटात घाला.

२०२१. सेमीकंडक्टर चिपांचा तुटवडा सुरू होता, जगभरच गाड्या अडकलेल्या. आम्ही एक सात सीटर बुक केली, वरचं मॉडेल, सनरूफवालं. सांगितले चार महिने, लागले चौदा. चिपांचं मी समजू शकतो. डीलरचं नाही (नाव घेत नाही).

सेल्सचा मुलगा तीनदा बदलला. पहिला म्हणे "सर, तुम्ही एकशे बारा नंबरवर आहात." तीन महिन्यांनी दुसरा म्हणे एकशे चाळीस. अहो, रांग पुढे सरकते की मागे? तिसऱ्याला तर बुकिंगच दिसेना. पावतीचा फोटो पाठवला तेव्हा दिसलं. मग हळूच म्हणाला, "सर, ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तर पुढच्या आठवड्यात होऊन जाईल." पॅकेज म्हणजे मॅट, मडफ्लॅप, डोअर व्हायझर आणि एक परफ्यूमची बाटली. अठ्ठेचाळीस हजार!

शिवाय त्या काळात किंमत दोनदा वाढली. फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतंच, डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती. मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

शेवटी चिडून बुकिंग रद्द करायचा मेल टाकला. दुसऱ्या दिवशी फोन, "सर, एक कॅन्सलेशनमधली गाडी आहे, रंग तेवढा वेगळा." घेतली. रंग तपकिरी. बायको अजून तिला 'शेंगदाण्याची चिक्की' म्हणते.

आणि विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून कोटेशन आणा, निम्मी दादागिरी तिथेच उतरते. दादर आलं.

शनिवारचा_भाग्यवंत
३० जुलै २०२२, सकाळी ११, स्कॉर्पिओ एनचं ऑनलाइन बुकिंग. पहिल्या पंचवीस हजारांना सुरुवातीची किंमत. मी मुलीच्या पालकसभेत मागच्या बाकावर, फोन बाकाखाली. पेमेंटचा ओटीपी यायला आणि बाईंनी "तुमचं काय म्हणणं आहे?" विचारायला एकच गाठ. उत्तर देऊन खाली बघितलं तर ओटीपीची मुदत संपलेली. पहिल्या मिनिटातच पंचवीस हजार भरले होते, अर्ध्या तासात लाख. आमच्या शाळेत नेटही एकाच खांबाचं.

बाईंना मी काय उत्तर दिलं ते मला आजही माहीत नाही. मुलीला त्या वर्षी वर्गाच्या स्नेहसंमेलनाचा सगळा खाऊ आम्हीच दिला, त्यावरून अंदाज करा.

चकलीवाली
@शनिवारचा_भाग्यवंत 😂😂 किती पोरांचा?

शनिवारचा_भाग्यवंत
@चकलीवाली बावन्न. समोसे.

परदेशी_पाहुणी
मी लायप्झिगला असते. पूर्व जर्मनीत त्राबांत नावाची गाडी असायची, धूर सोडणारी, डब्यासारखी. तिला दहा-बारा वर्षं थांबावं लागायचं आणि हातात लगेच मिळते म्हणून जुनी गाडी नवीपेक्षा महाग. माझ्या ऑफिसातल्या बाई सांगतात, त्यांच्या आईवडिलांचा नंबर जवळ आला आणि १९८९ ला भिंतच पडली. पलीकडच्या वापरलेल्या गाड्या मिळायला लागल्यावर त्राबांतला कोण विचारतो? मी त्यांना खवटकाकांच्या आजीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही आज्यांच्या नावावर असायच्या.

खवटकाका
आजी जर्मनीत पोचली. बरं झालं.

नुसताच_वाचक
आम्ही गेल्या वर्षी जीएसटी कमी होणार कळल्यावर थांबलो. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांना १८ टक्के. पैसे वाचले, पण दसऱ्याला गाडी मिळाली नाही, सगळं गावच थांबलेलं. दिवाळीही गेली. डिसेंबरात फोन आला तर सासरे म्हणाले, आता जानेवारीतच घे, नाहीतर विकताना एक वर्ष जुनी धरतात. जानेवारीत घेतली. कागदावर डिसेंबरचीच बनवलेली निघाली.

टर्बोतात्या
चेतक तिरकी करून किक मारलेले हात वर करा.

सुलभा_६२
🙋‍♀️ आणि प्लग काढून पॉलिश पेपरने घासलेले पण. आमच्या ह्यांच्या खिशात रुमाल नसेल पण पॉलिश पेपर असायचा.

रत्नांग्रीकर
@मेतकूट पावतीचा फोटो टाका ना.

मेतकूट
टाकणार होतो. आईने ती परत कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावलीय. म्हणते, डिपॉझिट परत मिळालं होतं की नाही ते आठवत नाही, टाकून देऊ नकोस.

भाच्याला आत्ता फोन आला शोरूममधून. विचारतायत, रंग तपकिरी चालेल का?

गिअर_न्यूट्रल
नाही म्हणायला सांगा!!!