मदत हवी आहे: आईचं मराठी टायपिंग, जुना फॉन्ट आणि भाच्याचा अंगठा

नमस्कार मंडळी, धागा तंत्रज्ञानात काढायचा की शिक्षणात ते कळेना, ॲडमिनना वाटलं तर हलवा.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सातारा जिल्ह्यात, द्विशिक्षकी शाळा, पट २३. पुढच्या वर्षी ५८ पूर्ण होऊन रिटायर होईल. आत्तापर्यंत ऑनलाइनचं सगळं तिच्या जोडीचे सर बघायचे, त्यांची बदली झाली, त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही, आणि माहिती भरायचं काम आलं सगळं आईच्या गळ्यात. बरं ती मशीनला घाबरणारी बाई नाहीये हां. एमएस-सीआयटी झालंय, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ पोरांना दाखवते, माझ्याशी रोज व्हिडिओ कॉल. अडतंय ते कॉम्प्युटरवरच्या मराठीत.

नोकरी लागायच्या आधी तिने टाइपरायटरवर मराठी ३० ची परीक्षा दिलेली. बोटं अजूनही तशीच पळतात, मी बघत बसते. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर टाइपरायटरसारखाच चालणारा एक फॉन्ट होता, त्यात तिने पंधराएक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्वाध्याय, गॅदरिंगची निवेदनं असं सगळं करून ठेवलंय. दिवाळीत मी नवीन लॅपटॉप घेऊन दिला (हौस माझी), फाइली कॉपी केल्या, उघडल्या तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि आकड्यांचा नुसता काला. आई एवढंच म्हणाली, "गेलं का गं सगळं?" मला काय बोलावं सुचेना.

भाचा नववीत आहे, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. चौथीत असताना लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर शाळा केलेलं पोरगं. तो येतो, "आजी दे इकडं" म्हणून दोन मिनिटांत काहीतरी करतो आणि जातो, आईला शिकायला काय मिळतं तर शून्य. मोबाइलवर बोलून टाइप करतो, उरलेलं अंगठ्याने, पण परवा विचारलं की अरे फाइल सेव्ह कुठे केलीस तर म्हणे "वर्डमध्ये". फोल्डर ही भानगडच त्याला माहीत नाही. आणि त्याने करून दिलेल्या चाचणीत "दुसर्या" असं होतं, रफार य वर गेलेला. आईने छापू दिलं नाही, पेनने दुरुस्त करून मग झेरॉक्स काढल्या.

तर विचारायचंय ते हे. जुन्या फाइली वाचतील का? आणि तिने आता कुठला कीबोर्ड शिकावा, एका वर्षासाठी नवीन शिकायला लावणं बरोबर आहे का? शिवाय एक्सेलमध्ये पोरांचे आधार नंबर टाकले की मधेच ई आणि अधिकचं चिन्ह येतं, त्याचंही सांगा कोणीतरी.

कोरा कागद:
ताई, काही गेलेलं नाही, आईंना आधी ते सांगा. तसल्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत खरंच इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉन्ट नाही तर सोंग उतरतं. वर्डमध्ये त्या काल्यावर क्लिक करा, वर फॉन्टचं नाव दिसेल. जुन्या मशीनवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून तेवढी फाइल आणा, राइट क्लिक करून इन्स्टॉल. दिसायला लागेल.
पण व्हॉट्सॲपवर पाठवायचं किंवा पोर्टलवर चिकटवायचं तर युनिकोडच लागेल, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारी अक्षरं. कन्व्हर्टर मिळतात, प्रत्येक फॉन्टचा वेगळा, चुकीचा घेतला तर काल्याचा गोपाळकाला. मूळ फाइलची कॉपी ठेवूनच करा. आणि नंतर रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. ते तुमच्या भाच्याचं काम नाही, आईंचं आहे.

खडूफळा:
मीही प्राथमिक शिक्षक, रिटायर. टाइपरायटरची सवय असेल तर युनिकोडमध्येही रेमिंग्टन ले-आउट मिळतो, बोटं तीच राहतात. मी मात्र हट्टाने इनस्क्रिप्ट हा दुसरा ले-आउट शिकलो, विंडोजमध्ये आयताच असतो, भाषेत मराठी ॲड करायचं, विंडोज आणि स्पेसबारने अदलाबदल. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. मला रडवलं ते पहिल्या वेलांटीने. आयुष्यभर टाइपरायटरवर वेलांटी आधी, मग अक्षर. इथे "किती" लिहायचं तर क आधी, वेलांटी मागून, आणि ती आपोआप उडी मारून पुढे जाऊन बसते. आठ दिवस माझी प्रत्येक वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर.
आधारसाठी कॉलम आधी सिलेक्ट करून त्याचा फॉरमॅट टेक्स्ट करा, मग नंबर टाका. बँकेच्या खात्याला तर हे हवंच, पंधराच्या पुढचे आकडे एक्सेल गुपचूप शून्य करतं.

उंटावरचा शहाणा:
एका वर्षासाठी कशाला छळता माउलीला, बोलून टाइप करा म्हणावं.

कोरा कागद:
२३ पोरांची आडनावं बोलून टाइप करून बघा एकदा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! शनिवारी गेले होते. फॉन्ट टाकला, फाइली दिसल्या, आई एक एक उघडून वाचतच बसली, चहा गार झाला. कीबोर्डचं तिलाच विचारलं तर म्हणाली इनस्क्रिप्ट शिकते, रिटायर झाल्यावर काय बोटं थांबणारेत का. की-बोर्डचा नकाशा प्रिंट काढून भिंतीवर लावलाय, पाढ्यांच्या तक्त्यासारखा. भाच्याला दम दिलाय की माउसला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं फक्त. त्याला ते फार जड जातंय. बदल्यात आईने त्याला फोल्डर शिकवला, इयत्ता, विषय, वर्ष, दप्तरात ठेवतात तसं.
आता एकच अडलंय, "दुसऱ्या" मधला तो अर्धा र कसा काढायचा? रफारच येतोय आणि आई पुढेच सरकत नाहीये.

खडूफळा:
शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. साध्या जे ला रफारच येणार.

धागाकर्ती:
आला! आईने स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पाठवलाय, तिरका, निम्म्यात ट्यूबलाइटचा उजेड. ओळ आहे: "दुसऱ्या सत्राच्या तयाऱ्या पुऱ्या."