पोक्सो खटल्यात मुलाला स्वतंत्र वकील हवाच का?

तुकोगंजकर: इंदूरच्या न्यायालयात पोक्सोचा, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा खटला उभा राहिला की घरचे म्हणतात, सरकारी वकील आहेच की! अहो, तो राज्याची बाजू मांडतो. पोक्सोच्या कलम ४० नुसार कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील देता येतो. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण देतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मुलांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अटही नाही. प्राथमिकी (एफआयआर) नोंदली की लगेच वकील गाठावा, असं माझं ठाम मत.

विधीसाधक: आणि तो वकील करणार काय? पीडिताच्या वकिलाला तोंडी युक्तिवाद किंवा उलटतपासणी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. त्याने सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार चालायचं, आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी म्हणणं द्यायचं. मुलाला खरा आधार सहायक व्यक्तीचा, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहून मदत करणाऱ्या व्यक्तीचा. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार अशी व्यक्ती बाल कल्याण समिती देते. त्या समितीच्या मागे लागा.

तुकोगंजकर: सहायक व्यक्ती अर्ज कुठे लढवते? अंतरिम भरपाई प्राथमिकीनंतर कधीही मागता येते, पण बऱ्याचदा मागतच नाहीत. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने पैसे द्यायचे. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओद्वारे साक्ष (कलम ३६), हेही साक्षीच्या आधीच लेखी मागावं. ऐन वेळी धावाधाव होते.

माळव्यातली आजी: वकील नेमा नाहीतर सहायक, भाषेचं काय? आपल्या घरची लहान मुलं शरीराच्या अवयवांना घरातलेच मराठी शब्द वापरतात. कलम २६ म्हणतं, जबाब मुलाच्या शब्दांतच लिहा. तो शुद्ध हिंदीत उतरला की पुढे बचाव पक्ष म्हणणारच, 'तेव्हा वेगळं सांगितलं होतंस.' कायद्यात दुभाष्याची सोय आहे. पालकांनी जबाबाच्या वेळीच मागावा.

विधीसाधक: आजी, हे मान्य. बचावाचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच विचारायचे असतात (कलम ३३), आक्रमक प्रश्नांना मनाई आहे. तरी तसे प्रश्न आले की कुणी हरकत घेत नाही, तिथेच घोळ. पण ती हरकत सरकारी वकिलानेच घ्यावी. दोन वकील एकाच वेळी उठले की न्यायाधीश वैतागतात, नि मूल आणखी घाबरतं.

तुकोगंजकर: सरकारी वकिलाच्या कानात सांगायला तरी कुणी हवं ना! त्याच्याकडे दिवसभरात किती फायली असतात, तुम्हीच पाहा.